रायफलची नळी बदलताना: सप्टेंबर ते जून

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला रायफल नेमबाजीत ब्राँझ घेतलं आणि आमच्या सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. कांबळवाडीचा मुलगा म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला, सगळ्यांना घरचंच कार्य असल्यासारखं झालेलं. माझी इथे इंग्लंडमध्ये सकाळची ऑफिसची गडबड चाललेली, तेवढ्यात मावशीची व्हॉइस नोट आली, "तू तिकडं मारतीस ती हीच का गं रायफल? आणि ती नळी का काय बदलायची होती तुझी, झाली का ती?"

झाली. नऊ महिने लागले, पण झाली. मी सुरुवात केली तेव्हा सगळी माहिती तुकड्यातुकड्यात मिळत होती, कोणी पोलिसांच्या अर्जाबद्दल सांगायचं, कोणी लेथबद्दल, पण पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काय काय होतं ते एका जागी कुठेच सापडलं नाही. म्हणून हे लिहितेय. इथे शूटिंग करणारे मराठी लोक थोडेच असतील, पण त्यातल्या एकालाही उपयोग झाला तरी पुष्कळ.

आधी मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, रायफल ती नाही. स्वप्नीलची .२२ कॅलिबरची (म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात), अंतर ५० मीटर, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन पोझिशन. माझा प्रकार इथे टार्गेट रायफल म्हणून ओळखला जातो, कॅलिबर .३०८, फक्त पोटावर झोपून मारायचं आणि अंतर ३०० ते १००० यार्ड. दुर्बीण लावायची नाही, मागे बारीक भोक, पुढे रिंग, आणि त्या दोन्हींत टार्गेटचा काळा ठिपका बरोबर मध्ये धरायचा. हाताला स्लिंग, म्हणजे रायफल स्थिर धरायचा पट्टा. आपल्याकडे तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ज्या प्रकारात वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड घेतलं तोही झोपून मारायचाच, पण ५० मीटरवर आणि .२२ ने. माझं चालतं बिस्लीला, लंडनच्या नैऋत्येला सरे परगण्यात. इथल्या नॅशनल रायफल असोसिएशनचं हे १८९० पासूनचं ठिकाण, त्याआधी विम्बल्डनला होतं.

मी सांगलीला कॉलेजात एनसीसीला होते, तिथे .२२ ने पाच-पाच राउंडचं ग्रुपिंग मारायचो, त्यातून लागलेलं हे वेड. इथे आल्यावर क्लब शोधला, प्रोबेशन पूर्ण केलं (इथे किमान ३ महिने करावंच लागतं), मग फायरआर्म सर्टिफिकेट, मग २०१७ च्या शेवटी सेकंडहँड रायफल. न्यूझीलंडच्या बार्नार्ड कंपनीची ॲक्शन (म्हणजे बोल्ट बसतो तो मधला भाग), ३० इंची नळी. आधीच्या मालकाने राउंडची वही ठेवली होती, तिच्यात ९०० राउंड मारल्याचं लिहिलेलं. ती वही मी पुढे चालू ठेवली आणि आज सांगते, या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर त्या वहीचा. सेकंडहँड घेणार असाल तर रायफलबरोबर वही मागा, नसेल तर पहिल्या दिवसापासून स्वतःची सुरू करा.

तर २०२३ चा सप्टेंबर. ३०० यार्डावर माझं बरं चाललं होतं पण ९०० आणि १००० ला मधूनच एखादा शॉट विनाकारण खाली जायला लागला. उजवीकडे-डावीकडे गेला तर वारा म्हणता येतं, पण खाली-वर होणं म्हणजे दुसरं काहीतरी. मला वाटलं माझंच चुकतंय. महिनाभर मी स्लिंगचं भोक बदललं, कोपराची जागा बदलली, श्वास कुठे धरते ते बदललं, आणि प्रत्येक बदलाने आणखी गोंधळ. ट्रिगर दाबायच्या आधी मनात शंका यायला लागली की झालंच मग. त्या महिन्यात मी दोनदा रेंजवरून रडवेली होऊन घरी आलेय. क्लबमधले एक जुने शूटर आहेत, पंचेचाळीस वर्षं मारतायत, त्यांनी माझी वही बघितली आणि विचारलं, एकूण किती झाले? ६२००. ते म्हणाले, मग आधी नळी तपास, स्वतःला नंतर.

पण त्यांनी सरळ गनस्मिथकडे (बंदुकांच्या कारागिराकडे) पाठवलं नाही, ते मला फार आवडलं. आधी ॲक्शन लाकडात धरून ठेवणारे स्क्रू टॉर्क रेंचने तपासायला लावले, मग मागची-पुढची साईट हलते का ते, मग नळी अगदी तांबं निघेपर्यंत साफ करायला लावली, मग दुसऱ्या लॉटच्या गोळ्यांनी मारून बघायला सांगितलं. यातलं प्रत्येक फुकट किंवा स्वस्तातलं आहे आणि खूपदा दोष तिथेच सापडतो. माझ्या बाबतीत नाही सापडला.

७ ऑक्टोबरला, शनिवारी, गनस्मिथकडे बोअरस्कोप लावला. म्हणजे पेन्सिलीहून बारीक कॅमेरा नळीत घालतात आणि आतलं स्क्रीनवर दिसतं. तोंडाकडचा भाग छान होता, रायफलिंगच्या (गोळीला गिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचांच्या) कडा धारदार. पण चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे, जिथून गोळी रायफलिंगमध्ये शिरते, त्या भागाला इंग्रजीतही घसाच म्हणतात, तिथे उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा भेगाच भेगा. तीन-चार इंच. दर शॉटला तिथे पेटलेल्या दारूचा गरम गॅस प्रचंड दाबाने घासून जातो, स्टीलचा वरचा थर तापतो, थंड होतो, तडकतो, आणि हळूहळू झिजत घसा पुढे पुढे सरकतो. .३०८ ची नळी साधारण पाच-सहा हजार राउंड चांगली चालते असं सगळेच सांगतात, माझी त्या हिशोबाने वयाने गेलेली होती. स्क्रीनकडे बघून मला आधी वाईट वाटलं आणि मग लगेच इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. महिनाभर मी ज्यासाठी स्वतःला दोष देत होते ते त्या भेगांत होतं.

इथे एक महत्त्वाचं, खास करून महाराष्ट्रात ज्यांची मुलं .२२ मारतात त्या पालकांसाठी. .२२ च्या नळीचं गणित असं नाही. तिथे शिशाची गोळी, कमी दाब, कमी वेग, नळी कित्येक पटीने जास्त टिकते. स्कोअर पडला म्हणून लगेच नवीन नळीच्या मागे लागू नका, आधी नीट सफाई आणि गोळ्यांचा लॉट बदलून टेस्टिंग, .२२ मध्ये एकेका नळीला एकेक लॉट आवडतो आणि फरक डोळ्याला दिसण्याइतका असतो.

आता कागदपत्रं. ब्रिटनमध्ये नळी हा साधा स्पेअर पार्ट नाही. कायद्याने ती रायफलइतकीच नियंत्रित वस्तू आहे, सर्टिफिकेटवर तशी नोंद नसेल तर सुटी नळी घरात ठेवणं म्हणजे गुन्हा. मला जुनी नळी ठेवायची होती, ३०० यार्डाच्या सरावाला ती अजून चालते आणि नवीनला काही झालं तर हाताशी असावी म्हणून. त्यासाठी सर्टिफिकेटमध्ये बदल करून घ्यायचा अर्ज, फी तेव्हा, २०२३ मध्ये, २० पौंड होती. जुनी नळी गनस्मिथकडेच सोडून दिली तर एवढा खटाटोप लागत नाही असं मला त्यांनी सांगितलं, पण तुम्ही स्वतःच्या भागातल्या पोलिसांना आधी विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

१२ ऑक्टोबरला अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात मी पाच ओळी लिहिल्या: कुठला क्लब, वर्षात किती वेळा मारते, किती राउंड झाले, बोअरस्कोपमध्ये काय दिसलं, जुनी नळी कशासाठी हवी. सोबत क्लबच्या सेक्रेटरीचं पत्र जोडलं. मग वाट बघणं. नोव्हेंबरमध्ये फोन केला, प्रोसेसमध्ये आहे. डिसेंबरमध्ये ईमेल केली, उत्तर नाही. ४ जानेवारीला पाकीट आलं. बारा आठवडे. उघडून बघते तर स्पेअर नळीची ओळ आहे, पण कॅलिबर .२२३ लिहिलेलं. माझ्याकडे .२२३ ची रायफलच नाही! परत पाठवलं, वर एक साधं पत्र, चूक कुठे आहे ती हायलायटरने दाखवलेली, आणि त्या सगळ्याचा फोटो काढून ठेवला. २६ जानेवारीला दुरुस्त होऊन आलं. तेव्हा पाकीट आलं की दारातच उभं राहून एकेक ओळ वाचा, कॅलिबर, सिरियल नंबर, गोळ्यांची मर्यादा, सगळं. चुकीच्या सर्टिफिकेटवर काही घेतलंत तर त्रास तुम्हालाच होणार आहे.

ज्या दिवशी अर्ज टाकला त्याच दिवशी मी नळीची ऑर्डरही देऊन ठेवली होती, २०० पौंड ॲडव्हान्स. हा निर्णय बरोबर ठरला. कारण नळी अमेरिकेतून येणार होती आणि तिथून बाहेर काढायला तिकडचा एक्स्पोर्ट परवाना, इथे आणायला इकडचं इम्पोर्ट लायसन्स. ते सगळं डीलर बघतो, पण वेळ लागायचा तो लागतोच. चांगल्या नळ्या बनवणारे जगात मोजके आहेत, विस्कॉन्सिन राज्यात क्रीगर आहे, बार्टलीन आहे, जर्मनीत लोथर वॉल्थर आहे. मी अमेरिकेतली कट रायफलिंगवाली घेतली. म्हणजे सळईला आधी आरपार भोक पाडतात, मग रीम करतात, म्हणजे भोक मापात आणतात, आणि मग एक छोटं टूल पुन्हापुन्हा आतून ओढून एकेक खाच किंचित किंचित खोल करत नेतात, आणि शेवटी हाताने लॅपिंग, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करणं. चार खाचा, १३ इंचाला एक फेरा. पिळाबद्दल क्लबमध्ये बसलं तर संध्याकाळ कमी पडते, पण आम्हाला १५५ ग्रेनचीच (हे वजनाचं माप) गोळी मारायची असते, तिला १३ चा पीळ पुरतो, त्यापलीकडे मी डोकं लावलं नाही.

हे मी बाबांना सांगितलं. बाबा किर्लोस्करवाडीला लेथवर होते, आयुष्यभर पंपाचे शाफ्ट टर्न केले. त्यांना माझ्या स्कोअरमध्ये फारसा रस नसतो, पण नळी कशी बनते म्हटल्यावर ते खुर्चीतून पुढे सरकले ते मला व्हिडिओ कॉलवर दिसलं. त्यांचा पहिला प्रश्न, "एवढ्या लांब जॉबला आरपार भोक म्हणजे ते सरळ कसं राहील गं? ड्रिल पळणारच." मला उत्तर माहीत नव्हतं.

नळी मार्चच्या मध्यात आली. २३ मार्चला, शनिवारी, मी रायफल घेऊन गेले, गनस्मिथना विचारलं होतं की थोडा वेळ बाजूला उभं राहून बघू का, ते सहसा नाही म्हणतात पण वडील टर्नर आहेत म्हटल्यावर हो म्हणाले. फोटो-व्हिडिओ नाही हा मात्र नियम. रायफल त्यांच्या रजिस्टरमध्ये चढली, मला पावती मिळाली. ती पावती सांभाळा, पुढचे आठवडे तुमचं कपाट रिकामं असणार आहे आणि कोणी विचारलं तर हाच पुरावा.

बाबांचा प्रश्न मी त्यांना जसाच्या तसा विचारला. ते हसले, म्हणाले, तुझ्या वडिलांना सांग की ड्रिल पळतंच. पूर्ण सरळ भोक असलेली नळी त्यांनी अजून बघितलेली नाही, आतून प्रत्येक नळी किंचित वाकडी असते. ते काय करतात तर चकमध्ये नळी बांधताना बाहेरच्या पृष्ठभागावरून सेंटर काढत नाहीत, आतल्या भोकावर डायल लावतात, लांब पायाचा इंडिकेटर थेट रायफलिंगवर टेकवतात आणि जिथे घसा येणार तिथला भाग बरोबर मध्यावर आणतात. मग दुसरं टोक किती आणि कुठल्या बाजूला झुकलंय ते बघून खूण करतात, आणि नळी ॲक्शनला बसवताना तो झुकाव वरच्या बाजूला येईल असं बघतात. का? कारण वर-खाली झुकलेली नळी साईटच्या उंचीत सामावून जाते, आडवी झुकली तर वाऱ्यासाठी ठेवलेले क्लिक (साईट सरकवायचे टप्पे) एका बाजूने त्यातच खर्च होतात. मला हे इतकं सुंदर वाटलं. वाकडेपणा नाकारायचा नाही, तो कुठे ठेवायचा ते ठरवायचं.

सेट करायलाच दीड तास गेला. प्रत्यक्ष कापणं त्यामानाने लवकर झालं. मागच्या बाजूला आटे पाडले, ॲक्शन हाताने फिरवून बघितली, आवाज न करता बसली. मग चेंबर, त्यासाठी '९५ पाल्मा' नावाचा रीमर, म्हणजे चेंबर कोरायचं हत्यार. बिस्लीच्या मोठ्या स्पर्धेत टार्गेट रायफलवाल्यांना तेव्हा तिथूनच मिळालेली गोळी मारावी लागायची, त्यामुळे चेंबर त्या गोळीला साजेसा हवा. रीमर थोडा आत, बाहेर काढ, कीस पूस, तेल लाव, परत आत. शेवटी शेवटी तर एका वेळी दोन-तीन थाऊ फक्त (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग).

मग गेज. हेडस्पेस म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागेपुढे किती जागा उरते ते. 'गो' गेजवर बोल्ट सहज बंद झाला पाहिजे, 'नो-गो' वर बंद होता कामा नये. .३०८ मध्ये या दोन गेजांतला फरक ४ थाऊ, म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर, झेरॉक्सच्या कागदाची जाडी. जागा जास्त झाली तर काडतूस फाटू शकतं आणि तुमचा चेहरा तिथून वीतभर अंतरावर असतो. म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यायचं. मी हौसेने सगळं बघितलं पण एका क्षणीही मला असं वाटलं नाही की हे आपण घरी करावं. गो गेजवर बोल्ट दोन बोटांनी बंद झाला, नो-गो वर अर्ध्यात थांबला. त्यांनी मला स्वतःच्या हाताने करून बघायला लावलं. तोंडाचं काम, म्हणजे क्राउन, त्यांनी नंतर केलं, तेव्हा मी नव्हते. पण त्याबद्दल एक वाक्य त्यांनी सांगितलं ते लक्षात आहे, की गोळी नळीला शेवटची जिथे शिवते ती कड चारी बाजूंनी सारखी नसेल तर आधीची सगळी मेहनत वाया. सफाईचा रॉड घालताना-काढताना त्या कडेला घासू देऊ नका, रॉड नेहमी मागून घाला आणि गाईड वापरा.

आता मला वाटलं झालं. नाही. इथे नवीन नळी बसवली की ती प्रूफला जाते. म्हणजे सरकारमान्य प्रूफ हाऊसमध्ये मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस मारून बघतात, पास झाली तर ठसा. देशात अशी दोनच ठिकाणं, लंडन आणि बर्मिंगहॅम. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला सनद मिळाली १६३७ साली, म्हणजे आपले शिवाजी महाराज तेव्हा सात वर्षांचे होते, आणि तेव्हापासून हे तपासायचं काम चालू आहे. .३०८ चा कमाल दाब ४१५० बार धरलेला आहे, प्रूफला त्याच्या सव्वापट. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज करा. बाबांना फोनवर सांगितलं तर ते लगेच, "बरोबर आहे, आम्ही पंपाचं केसिंग दीडपट प्रेशरला हायड्रो टेस्ट करायचो, गळलं तर आमच्या समोर गळू दे, गिऱ्हाइकाकडं नको." मग थोडं थांबून, "तुझे ते मिस्त्री रनआउट किती धरतात विचार." मी विचारून ठेवलं होतं, नळी फिरताना भोक किती डोलतं ते, घशापाशी एक थाऊच्या बऱ्याच आत. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "माणूस चांगला आहे."

प्रूफला जाऊन यायला तीन आठवड्यांच्या वर लागले. एप्रिलचा तो काळ मला सगळ्यात जड गेला, कारण सीझन सुरू झालेला, क्लबचे सगळे रेंजवर आणि माझी रायफल कुठल्यातरी कुरियरच्या गाडीत. क्लबची रायफल वापरायला मिळाली, पण मी त्या दिवसांत बहुतेक वेळ दुसऱ्यांसाठी वारा वाचत बसले, मागे दुर्बिणीला डोळा लावून झेंडे आणि मृगजळ बघत. त्याचा पुढे उपयोग झाला, कसा ते येतंच.

२७ एप्रिलला रायफल घरी आली. ठसा इतका बारीक की मोबाईलच्या टॉर्चमध्ये शोधावा लागला, मुकुट आणि खाली अक्षरं. जुनी नळी सर्टिफिकेटवर स्पेअर म्हणून चढली, तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून कपाटात. खर्चाचं सांगते, लपवण्यासारखं काही नाही: अर्ज २०, नळी ५४०, बसवणं ३८०, प्रूफ आणि कुरियर ८५, एकूण १०२५ पौंड. रुपयांत लाखाच्या वर, साधारण एक लाख सात-आठ हजार. आम्ही दोघांनी त्या वर्षी सुट्टीला बाहेरगावी न जायचं ठरवलं, नवरा एका शब्दाने बोलला नाही याची इथे नोंद करून ठेवते. गोळ्या आणि सफाईचं सामान यात धरलेलं नाही.

४ मे, झिरो रेंज (साईट जुळवून घ्यायची जागा), १०० यार्ड. साईटची जुनी आकडेवारी आता निरुपयोगी, हे डोक्याने माहीत असतं पण हाताला माहीत नसतं. मी सवयीने जुने नंबर लावून झोपले आणि पहिला शॉट कागदाच्या कडेला. पहिल्यांदा मारणार असाल तर मोठा कागद लावा आणि १०० यार्डाहून लांब जाऊच नका. आणि पुढची साईट सरळ बसलीय का ते त्याच दिवशी तपासा. ती किंचित कललेली असेल तर १००० यार्डावर वाऱ्यासाठी क्लिक दिले की उंचीही बदलते आणि तुम्ही आयुष्यभर कारण शोधत बसता. माझी एक केसभर कललेली निघाली, गनस्मिथनी तिथल्या तिथे दहा मिनिटांत सरळ करून दिली, पैसे घेतले नाहीत.

नळी मुरवण्याबद्दल दहा लोकांची दहा मतं. मला जे सांगितलं ते मी केलं: पहिले पाच शॉट प्रत्येकी एक मारून सफाई, मग तीन-तीन मारून तीनदा. सफाईच्या चिंध्या पहिल्यांदा गडद निळ्या निघाल्या, म्हणजे आत चिकटलेलं तांबं, आणि दहाव्या शॉटपर्यंत निळा रंग जवळजवळ गेला. लॅपिंग चांगलं असलं की असं लवकर होतं म्हणतात. शंभर-दीडशे राउंडपर्यंत नवीन नळीचा वेग थोडा वाढत जातो, म्हणून तोवर घेतलेले साईटचे नंबर पेन्सिलीने लिहा, पेनने नको. माझे दोनदा खोडावे लागले.

मे महिना ३००, ५००, ६०० यार्डात गेला. भीती होती १००० ची, कारण शंका तिथेच सुरू झाली होती.

१ जूनला, शनिवारी, स्टिकलडाउन रेंज. ढगाळ, वारा डावीकडून, येत-जात राहणारा. गोळीला तिथे पोचायला दीड सेकंदाच्या आसपास लागतो आणि त्या वेळात ती सेकंदाला २७०० च्या वर गिरक्या घेत असते (हा हिशोब बाबांनी कागदावर करून पाठवलेला, वेग भागिले पीळ). एवढा वेळ हातातून सुटलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा असतो. दोन सायटर (आधीचे चाचणीचे शॉट) आणि पंधरा शॉट. दुसऱ्या सायटरनंतर माझ्या पाठीवरचा ताण कमी झाला ते मला स्पष्ट जाणवलं, कारण गोळी वाऱ्याने उजवीकडे गेली होती पण उंचीला बरोबर मधल्या रेषेवर होती. तिथून मी फक्त झेंडे बघितले. एप्रिलभर मागे बसून डोळ्यात भरलेला वारा इथे कामाला आला. चारदा वाऱ्याने मला फसवलं, ७५ पैकी ७१, व्ही-बुल (अगदी मधलं वर्तुळ) पाच. आमच्या क्लबात त्या दिवशी याहून चांगले स्कोअर बरेच होते. पण वहीत मी पंधरा शॉट काढले तेव्हा उंचीचा फरक दीड मिनिटाच्या (हे कोनाचं माप) आत, म्हणजे हजार यार्डावर सोळा इंचांच्या आत. सप्टेंबरमध्ये तो तीन मिनिटांच्या वर गेला होता.

त्या पानाचा फोटो बाबांना पाठवला. सांगलीत रात्र झाली होती, तरी लगेच फोन आला. त्यांनी स्कोअर विचारला नाही. म्हणाले, "हे डावी-उजवीकडचं तुझं. वर-खालचं त्या मिस्त्रीचं. त्याला हा कागद दाखव." पुढच्या शनिवारी नेऊन दाखवला. गनस्मिथनी चष्मा लावून नीट बघितला, एक फोटोकॉपी मागून घेतली, आणि ती आता त्यांच्या लेथच्या वर भिंतीला लावलीय, खाली किर्लोस्करवाडी असं माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतलेलं.

आज वहीत नव्या नळीचा आकडा ४४८ आहे. हजार झाले की परत बोअरस्कोप लावणार, तेव्हाची चित्रं जपून ठेवणार, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करायला काहीतरी हाताशी असेल. कोणाला अर्जाचा मजकूर कसा लिहिला ते हवं असेल तर विचारा, माझी नावं-नंबर काढून पाठवते.